हौसाक्काचं पोस्ट

"पोरींनो, जरा बाहेर व्हा बघू. भाऊ-बहिणीचं बोलणं हाय," असं म्हणत जोत्या माझ्या शिवणक्लासात शिरला, तेव्हा त्याच्या हातात काकवीची बाटली होती. ब्लाउजच्या कागदी कापणीवर वाकलेल्या पोरी कात्र्या टाकून उठल्या आणि खिदळत बाहेर गेल्या.

जोतीराम माझा धाकटा भाऊ. लग्न होऊन मिरजेत आल्यापासून हा गडी भाऊबीज सोडून कधी माझ्या दारात उभा राहिलेला मला आठवत नाही. तेव्हाही ओवाळून होईतो याचा एक पाय उंबऱ्याबाहेर. असा माणूस भर मार्च महिन्यात, उसाच्या घाईत, काकवी घेऊन येतो म्हणजे काहीतरी असणार, हे कुणालाही कळलं असतं. मला नाही कळलं. काकवी मला फार आवडते.

"बस. आई बरी हाय न्हवं?"

"आईला काय धाड भरलीया. आक्का, काम तुझं हाय. तुझं म्हंजे, आत्तीचं."

आत्ती म्हटल्यावर मी मशीनवरचा पाय काढला.

आत्ती म्हणजे आमची हौसा आत्ती, वडिलांची थोरली बहीण. पोवारांच्या घरी दिलेली. विशी गाठायच्या आत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला पाठवणीच्याच ट्रंकेसकट माहेरी आणून सोडली. ती सातवी पास होती. त्या काळी काजळवाडीत सातवी पास बाई म्हणजे गारगोटीच्या बाजारात हत्ती. गावाला पोस्ट मिळालं तेव्हा ते चालवायला शिकलेलं माणूस हवं होतं आणि जागाही चालवणाऱ्यानंच द्यायची होती. खेड्यातली पोस्टं अशीच कुणाच्या तरी घरात असतात. वडिलांनी घराचा पुढचा सोपा दिला आणि हौसा आत्ती पोस्टमास्तर झाली. टेबल, शिक्का, लोखंडी पेटी आणि दाराला टांगलेला लाल डबा. तिथून ती उठली ती थेट साठी उलटल्यावर.

आमचं गाव फौजींचं. घरटी एकतरी पोरगा पलटणीत. त्यांच्या बायका पत्र घेऊन सोप्यात यायच्या, आत्ती वाचून दाखवायची. नवऱ्यानं नुसतं 'तब्येत ठीक, मनिऑर्डर पाठवली' एवढंच लिहिलेलं असलं तर आत्ती आपल्या पदरचं एखादं वाक्य घालायची. "तुझी फार सय येतीया म्हणतोय," असं ती चष्मा सारखा करत वाचायची आणि ती बाई लाजून पदर तोंडात धरायची. एकदा एक फौजी सुट्टीवर आल्यावर सोप्यात येऊन म्हणाला, "आक्का, माझ्या नावावर किती खपवलंस गं? आता तसंच बोल म्हणून बायको माझ्या मागं लागलीया!" अख्खा सोपा हसून लोटपोट झाला होता.

मी तिच्याच अंथरुणात वाढले. अक्षरं तिच्याकडे शिकले, शिवणाची पहिली टीप तिनं शिकवली. आणि अशी ही बाई दीड वर्षापूर्वी गेली तेव्हा तिच्यामागं काहीच उरलं नाही. पोर नाही, बाळ नाही. सासरच्या उताऱ्यावर नाव नव्हतं, माहेरच्याही नव्हतं. रेशनकार्डावर होतं, तेही दहाव्याच्या आत कमी केलं. जिनं गावातल्या प्रत्येकाचं नाव रोज वाचलं, तिचं नाव कुठं लिहिलेलं राहू नये, हे मला फार लागत होतं.

"आत्तीचं काय?" मी विचारलं.

"पोस्ट आता तलाठ्याच्या मागच्या खोलीत हाय. पावसाळ्यात सगळं टपाल भिजतंया. पंचायत स्वतंत्र खोली बांधून देणार हाय पोस्टाला, पण गावात मोक्याची जागा न्हाई. मी म्हणलं, आमच्या घरापुढची मोकळी जागा देतो. आत्तीनं जिथं पोस्ट चालवलं तिथंच पोस्ट राहू दे. अन् नाव..." जोत्या थांबला. त्याचे डोळे पाणावले होते. खोटं कशाला बोलू, खरंच पाणावले होते. "नाव आत्तीचं. श्रीमती हौसाबाई पोवार डाकघर."

मी डोळ्याला पदर लावला.

"ते नाव देणार कोण?"

"गावानं ठराव करायचा. तो खासदाराच्या पत्रासंगं वर जातोय, मग खातं मंजुरी देतंय. सरपंचांशी बोललोय मी. फक्त बाप गेल्यावर जागा आपल्या सगळ्यांची, ती मी पंचायतीला लिवून द्यायची तर तुझी सही लागंल. हक्कसोड."

आता हक्कसोड म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. भाऊ म्हणतो, आक्का, तुझा हक्क सोड; बहीण म्हणते, तुझ्यापेक्षा जमीन मोठी का? आणि लुगडं घेऊन घरी येते. मी तर लुगडंही मागितलं नाही. उलट त्याला कांदाभजी करून घातली.

सही करायला गडहिंग्लजला गेलो. आई, मी आणि जोत्या. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर आई माझ्याशेजारी बसली होती, गुडघे चोळत. तिनं हळूच विचारलं, "त्यात नावाचं लिवलंय का?"

"नाव कागदात नसतंय आई," जोत्याच बोलला. "ते ग्रामसभेत ठरतंय."

आईनं माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण मीच म्हणाले, "चल गं, नंबर आला," आणि तिला हाताला धरून उठवलं. ती फार बोलणारी बाई नव्हतीच. आमच्या घरात बोलायचं काम आत्तीकडं होतं.

एक मेच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा ठरलं. मी आदल्या दिवशीच काजळवाडीला गेले. आत्तीचा एक जुना फोटो मोठा करून, चौकट घालून घेतला होता. पोस्टाच्या नव्या खोलीत लावायला. तो फोटो आज माझ्या क्लासात आहे, यावरूनच काय ते समजा.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. झेंडावंदनाचे लाडू वाटून झाले होते. सरपंच बाळगोंडा पाटलांनी मला पाहून हात जोडले, "या ताई, माहेरवाशीण आली म्हंजे सभेला शोभा." मला पुढं, बायकांच्या पहिल्या ओळीत बसवलं. आई माझ्या मागं कुठंतरी बसली. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट धरून मी बसले आणि रस्ता, गटार, नळपाणी असे विषय एकेक करून सरकताना बघत राहिले. आत्ती असती तर म्हणाली असती, शाले, पाठ सरळ ठेव.

"आता विषय गावच्या डाकघराच्या नामकरणाचा," ग्रामसेवकानं वाचलं. "सूचक, श्री. जोतीराम दत्तू रेडेकर."

जोत्या उठला. पांढरा कडक सदरा. त्यानं आधी जागेचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, टाळ्या घेतल्या. मग म्हणाला, "तर ह्या डाकघराला आपल्या भागाचे भाग्यविधाते, कारखान्याचे अध्यक्ष, आपल्या लाडक्या साहेबांच्या मातोश्री कैलासवासी सुभद्राबाई यांचं नाव द्यावं, असा ठराव मी मांडतो."

मला वाटलं, चुकून बोलला. घाईत दुसऱ्याच विषयाचा कागद हातात आला असणार. मी त्याच्याकडं बघत राहिले, आता जीभ चावेल, आता दुरुस्त करेल. तो माझ्याकडं बघत नव्हता. तो मांडवाच्या खांबाकडं बघत होता.

पुरुषांत कुजबुज झाली. मागून बंडू सुतार तात्या उभे राहिले. म्हातारा माणूस, आत्तीपेक्षा चार वर्षांनी लहान असेल. "जोतीराम, हौसाक्काचं नाव ठरलं हुतं न्हवं? अख्ख्या गावाला ठावं हाय."

"तात्या, आत्ती आमाला देवासारखी," जोत्या म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा तसाच ओला झाला, जसा माझ्या क्लासात झाला होता. "तिच्या मांडीवर वाढलोय मी. पण कागदोपत्री ती पोवारांची सून. काजळवाडीत पोवाराचं एक घर तरी हाय का? उद्या लोक म्हणतील, परगावच्या बाईचं नाव कशाला. अन् दुसरं म्हंजे, आत्तीला असली हौस कधीच न्हवती. जाताना मला म्हणाली हुती, बाळा, माझ्या मागं कसला गाजावाजा नको."

धादांत खोटं. आत्ती गेली ती पहाटे, झोपेत, माझ्या क्लासाच्या उद्घाटनाला नेसायची साडी उशाशी ठेवून. कुणाला काही म्हणाली नव्हती. मी उठले. चौकट खाली ठेवायचं भान राहिलं नाही, ती छातीशी धरूनच उठले.

"हे खोटं हाय! ही जागा मी आत्तीच्या नावासाठी..."

"ताई, एक मिनिट," ग्रामसेवक उठला. पोरगेलासा होता बिचारा, घाबरून बोलत होता. "आपलं नाव गावच्या मतदार यादीत आहे का?"

"मी ह्या गावची लेक हाय!"

"ते खरं. पण ग्रामसभेत मतदारालाच बोलता येतं. नियम आहे. लग्न झाल्यावर आपलं नाव मिरजेला..."

"ज्या जागेवर खोली बांधणार ती माझ्या बापाची हाय."

"हुती," सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले. "आता पंचायतीची झाली, ताई. तुम्हीच सही केलीसा. खाली बसा. पाहुण्या माणसानं असं करू नये."

पाहुण्या माणसानं. गरज सरो आणि वैद्य मरो, हे मी जन्मभर ऐकत आले होते. ते असं भर मांडवात, माझ्याच गावच्या सतरंजीवर उभं राहून अनुभवायचं होतं. सगळ्या बायका खाली बघत होत्या. ज्यांची पत्रं आत्तीनं गोड करून वाचली त्याच बायका.

"अनुमोदक कोण?" सरपंचांनी विचारलं.

कुणी उठेना. बंडू तात्या उभेच होते. साहेबांच्या आईचं नाव असलं तरी कुणाला पहिला हात वर करायची लाज वाटत असावी. क्षणभर मला आशा वाटली. अनुमोदक नसेल तर ठराव पडतो, हे मला जोत्यानंच सांगितलं होतं.

तेवढ्यात माझ्या मागं हालचाल झाली. आईनं हात वर केला होता.

जन्मात चारचौघांत तोंड न उघडलेली माझी आई आज बोलणार होती. ती मतदार होती. तिला कुणी खाली बसवू शकत नव्हतं. आता ती सांगणार, नाव हौसाचंच. मी तिला आधार द्यायला हात पुढं केला.

माझा हात न धरता ती उठली. पदर डोक्यावर घेतला.

"माझं अनुमोदन हाय," आई म्हणाली. "जोतीरामनं सांगितलं त्याला."

टाळ्या झाल्या. घरच्याच बाईनं हात वर केल्यावर बाकीच्यांना मोकळीक मिळाली. हातांवर हात उठले. बंडू तात्या तेवढे हात खाली ठेवून बसले.

मांडव रिकामा व्हायला लागला तसे तेच माझ्यापाशी आले. "पोरी, कारखान्याच्या निवडणुकीत साहेबांच्या पॅनेलात तुझ्या भावाचं नाव येणार हाय. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

"न्हाई, तात्या."

"मग तुला काय सांगितलं?"

काकवीची बाटली सांगायची का त्यांना?

जोत्यानं मला घराच्या कट्ट्यापाशी गाठलं. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही; मी शिवण शिकवते, गोड बोलायचा क्लास माझा नाही. केसानं गळा कापलास, एवढं मात्र मी त्याला तीन-तीनदा म्हणाले. तो ऐकून घेत उभा राहिला. मग शांतपणे म्हणाला, "आक्का, आत्ती मेली. साहेब जिते हायेत. मला पोरं हायेत. तूच सांग, मी काय करायचं हुतं?"

"मला खरं सांगायचं हुतंस."

"खरं सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

त्याला उत्तर माहीत होतं, म्हणून तर खोटं बोलला. आजही मला राग येतो तो त्याच्या खोटेपणाचा नाही, त्या डोळ्यांतल्या पाण्याचा येतो. ते खरं होतं आणि त्यानं तेही वापरलं.

पुढं त्या सुभद्राबाईंचं नावही पोस्टाला लागलं नाही. ठराव वर गेला आणि वरच राहिला. पॅनेलातून जोत्याचं नाव शेवटच्या दिवशी गळलं. खोली झाली, पोस्ट आलं, पाटीवर फक्त 'काजळवाडी'. हे सगळं मला लोकांकडून कळलं, आणि कळल्यावर जिवाला गारवा वाटला असं म्हणाल तर तसा तो वाटला नाही. कारण जोत्याचं मी समजू शकत होते. खुर्चीसाठी माणसं बापाला विकतात, याने आत्तीला विकलं. पण आईला कुठली खुर्ची मिळणार होती?

म्हणून त्या दिवशी सभेनंतर मी बॅग भरायच्या आधी स्वयंपाकघरात गेले. आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. माझ्यासाठी पुरण शिजवून ठेवलं होतं.

"जेवून जा," ती म्हणाली.

"जोत्यानं दम दिला हुता तुला?"

"ह्या वयात मला कोण दम देतंय?"

"मग त्याचं भलं व्हावं म्हणून केलंस?"

"त्याचं त्याला लखलाभ. मला त्या पॅनेलातलं काय कळतंय."

"मग का, आई?"

तिनं सुपातून एक खडा काढला आणि बाजूला ठेवला. मला वाटलं, नेहमीसारखी गप्प बसणार. आमची आई म्हणजे अशीच, हे मी गृहीतच धरलं होतं.

"ह्या घराला गाव काय म्हणतंय?" तिनं विचारलं.

"हौसाक्काचं घर."

"मी लगीन होऊन आले तवापास्नं म्हणतंय. उंबऱ्यावरचं माप वलांडलं तवा तुझी आत्ती सोप्यात बसली हुती, शिक्के मारत. घरात आलेलं माणूस आधी तिच्याकडं जायाचं. मी मागल्या दारानं जायाची. माझ्या म्हायेरचं पत्र आलं तरी आधी ती वाचायची, मग मला सांगायची."

"तिनं कधी तुला दुखवलं का?"

"न्हाई की. तेच तर. वाईट असती तर भांडले असते. भांडायला काय ठेवलंच न्हाई तिनं." आईचा आवाज चढला नव्हता. ती तांदळाशी बोलावं तसं बोलत होती. "तुझं नाव तिनं ठेवलं. शाळा तिनं ठरवली. लगीन तिनं जमवलं. मी म्हणलं, चांगलंच करतीया. पण लग्नात निघताना तू काय केलंस, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं.

"माझ्या पाया पडलीस," आई म्हणाली. "अन् गळ्यात तिच्या पडलीस."

चुलीवर काहीतरी उतू जात होतं. आम्ही दोघीही उठलो नाही.

"आई, तुझं नाव पाहिजे हुतं तर मला सांगायचंस. मी भांडले असते तुझ्यासाठी."

"माझं नाव?" आई पहिल्यांदा हसली. "मी काय केलंय गं, माझं नाव पोस्टाला द्यायला? भाकऱ्या थापल्या. माझं नको. त्या कोण सुभद्राबाई का फुभद्राबाई, तिचं बी मला काय न्हाई. तुझ्या आत्तीचं नको, एवढंच मला पायजे हुतं. दीड वरीस झालं, ह्या घरात मी मोकळी हिंडतीया. अन् तू परत तिला आणून माझ्या दारात लावायला निघालीस. मोठ्या अक्षरात."

"ती मेली आई! मेलेल्या बाईची एक पाटी तुला बघवेना? मी तुझ्यावर भरवसा ठेवला. तू हात वर केलास तवा मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मी ते सांगितलं नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही. तिचा तो हात वर गेला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं होतं, माझी आई. आणि त्याच हातानं तिनं माझी आत्ती पुसली.

मी बॅग उचलून सोप्यात आले. आई मागोमाग आली, हातात हळदी-कुंकवाची कोयरी आणि पदरात ते निवडलेले तांदूळ. वर एक नारळ. वडील गेले तरी माझी ओटी तीच भरायची, रीत काही म्हणो. "थांब. मोकळ्या ओटीनं जाऊ नको," ती म्हणाली. "माहेरवाशीण हाईस. माहेराची ओटी न्हाई म्हणू नये."

जोत्या कट्ट्यावर उभा होता. शेजारच्या दोघी-तिघी दारात आल्या होत्या. मी पदर पुढं केला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. आमच्यात असंच मिटतं, तांदळाच्या चार दाण्यांवर.

मी पदर खोचला.

"कुठलं माहेर, आई?" मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले. "माझं माहेर दीड वर्षापूर्वीच वारलं."

मला ती रडायला हवी होती. निदान जोत्यानं काहीतरी बोलावं, शेजारणींनी हाय खावी, काहीतरी व्हावं असं वाटत होतं. आईनं नारळ कट्ट्यावर ठेवला आणि पदरातल्या तांदळाला गाठ मारली.

"तेच सांगत हुते मी," ती म्हणाली, आणि आत गेली.